खिशातील दफ्तर : हस्तधारी डिजिटल डायरीच्या गुणदोषांचा आढावा

रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या ठेवण्याचा शिरस्ता आपल्याकडील पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्याच्या मुळाशी एक साधा परंतु मार्मिक विचार होता. व्यवहार ज्या क्षणी घडतो त्याच क्षणी त्याची नोंद जागच्या जागी व्हावी म्हणून कीर्द. पुढे केव्हाही कोणी पृच्छा केली असता ती नोंद खातेवार हाती लागावी म्हणून खतावणी. आणि या दोहोंत तफावत राहू नये म्हणून ठरल्या मुदतीने दोन्ही वह्या समोरासमोर मांडून केलेली रुजवात. टिपण्यास तत्पर, शोधण्यास सुलभ आणि जपण्यास विश्वासू असणे, ही कोणत्याही स्मरणसाधनाची तीन कर्तव्ये या एका शिरस्त्यात सांगून टाकली आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत खिशात मावणारे जे विजेरी दफ्तर जगभर पसरले, आपल्याकडे ‘डिजिटल डायरी’ या नावाने जे ओळखले गेले आणि ज्याचा सर्वांत परिणत नमुना म्हणजे अमेरिकेतील ‘पाम पायलट’, त्याची परीक्षाही याच तीन कसोट्यांवर व्हावयास हवी, असे मला वाटते.

ही यंत्रे वापरातून गेली, तेव्हा आता त्यांचे गुणदोष तोलण्याचे प्रयोजन काय, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर असे की, वस्तू बाजारात नवी असते तेव्हा तिच्याविषयी एक तर जाहिरातदार बोलतो, नाही तर जुन्या वहीचा अभिमानी बोलतो, आणि दोघांच्याही बोलण्यात वस्तुस्थितीपेक्षा आवेश अधिक असतो. तो आवेश आता ओसरला आहे. शिवाय त्या काळी जी परीक्षणे होत, त्यांत डाव्या बाजूस गुण आणि उजव्या बाजूस दोष अशी जमाखर्चाची मांडणी करून शेवटी बेरीज-वजाबाकी होत असे. ही पद्धत मला मुळातच अपुरी वाटते. कारण या यंत्राचा प्रत्येक मोठा गुण आणि प्रत्येक मोठा दोष ही एकाच मुळाला आलेली दोन फळे आहेत, आणि एक तोडून दुसरे ठेवावे म्हटले तर मूळच उपटावे लागते. ही गोष्ट तपशिलाने दाखविणे हाच या आढाव्याचा हेतू आहे.

पूर्वसूरी

कॅसिओ या जपानी कंपनीची १९८३ सालची ‘पीएफ-३०००’ ही या कुळातील अगदी आरंभीची वस्तू. गणकयंत्राच्या अंगावर अक्षरांची बटणे बसवून त्याला नावे आणि दूरध्वनी क्रमांक लक्षात ठेवावयास लावावे, एवढीच तिच्यामागची कल्पना. पुढे याच वाणाच्या डिजिटल डायऱ्या आपल्याकडेही पुष्कळ दिसू लागल्या. आखातातून किंवा सिंगापुराहून परतणाऱ्या आप्ताने आणलेली भेट म्हणून त्या अनेक मध्यमवर्गीय घरांत प्रथम आल्या. पुस्तकासारखे उघडणारे झाकण, एका बाजूस रबरी बटणे, दुसऱ्या बाजूस करडा पडदा, आणि परवलीचा शब्द दिल्यावाचून न उघडणारा एक गुप्त कप्पा, हे त्यांचे रूप पुष्कळांना आठवत असेल. शोधण्याचे काम त्या चोख करीत. टिपण्याचे काम मात्र इतके कष्टाचे होते की, एक पत्ता भरण्यास लागणाऱ्या वेळात वहीत दहा पत्ते लिहून झाले असते.

त्याच सुमारास, १९८४ साली, लंडनच्या ‘सायॉन’ या कंपनीने ‘ऑर्गनायझर’ नावाचे यंत्र काढले. डेव्हिड पॉटर हे या कंपनीचे संस्थापक. सोळा अक्षरांची एकच ओळ दाखविणारा पडदा, वर्णानुक्रमाने लावलेली बटणे आणि सरकते आवरण, असा त्याचा थाट. परंतु त्याची खरी विलक्षण गोष्ट म्हणजे त्याच्या नोंदी साठविणारी ‘डेटापॅक’ नावाची लहानशी डबी. तीत लिहिलेला मजकूर सेल संपले तरी जात नसे; मात्र तो खोडला तरी त्याने व्यापलेली जागा मोकळी होत नसे, आणि ती मोकळी करावयाची झाली तर डबी बाहेर काढून जंबुपार किरणांखाली धरावी लागे. म्हणजे शाईने लिहिलेल्या ओळीवर काट मारावी, ओळ वाचली जाऊ नये, पण कागद मात्र खर्ची पडलेलाच राहावा, तसा हा प्रकार होता. गैरसोय खरी, परंतु शाईचा टिकाऊपणा त्या डबीत होता, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९८६ साली त्याची दुसरी आवृत्ती आली, आणि १९९१ साली त्याच कंपनीची बिजागरीवर उघडणारी ‘सिरीज थ्री’. दोन पेन्सिल सेलांवर चालणारे आणि पत्रलेखनापासून ताळेबंदापर्यंतची कामे खऱ्या कळफलकावर करणारे ते यंत्र इंग्लंडात कमालीचे प्रिय झाले.

तिसरी वाट अॅपलची. जानेवारी १९९२ मध्ये लास व्हेगास येथे अॅपलचे तत्कालीन प्रमुख जॉन स्कली यांनी ‘पर्सनल डिजिटल असिस्टंट’ हा शब्दप्रयोग रूढ केला, आणि ऑगस्ट १९९३ मध्ये ‘न्यूटन मेसेजपॅड’ बाजारात आले. किंमत सुमारे सातशे डॉलर. माणसाने आपल्या नेहमीच्या हस्ताक्षरात लिहावे आणि यंत्राने ते वाचावे, ही त्यामागची महत्त्वाकांक्षा उदात्त होती. परंतु यंत्र शब्दकोशाच्या आधाराने अख्खे शब्द ओळखण्याचा प्रयत्न करी, आणि ज्या शब्दाचा त्या कोशात मागमूस नाही त्याच्या जागी जवळपासचा भलताच शब्द आणून बसवी. ‘डून्सबरी’ या अमेरिकेतील प्रसिद्ध चित्रमालिकेने त्याच महिन्यात त्याची थट्टा केली. पुढे १९९५-९६ च्या सुमारास त्याची वाचनशक्ती पुष्कळच सुधारली. परंतु एकदा गेलेली पत परत आली नाही, आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये अॅपलने ते बंद केले. शिवाय ते खिशात मावत नसे. आणि खिशात न मावणारी रोजनिशी नेमकी हवी तेव्हा घरी राहते.

लाकडाचा ठोकळा

या तिन्ही वाटांचे यश आणि अपयश डोळ्यांपुढे असताना पाम पायलटची कल्पना जन्मली. तिचे जनक जेफ हॉकिन्स यांनी १९९२ साली पाम कंपनी स्थापिली, आणि कॅसिओ, टँडी आदींच्या सहकार्याने १९९३ साली ‘झूमर’ नावाचे एक यंत्र काढले. ते मंद होते, महाग होते आणि साफ पडले. पडलेल्या वस्तूच्या गिऱ्हाइकांना विचारपूस करण्याचे धैर्य फार थोड्या कारखानदारांना असते. हॉकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दाखविले, आणि त्यातून त्यांच्या ध्यानी आले की, या यंत्राची स्पर्धा संगणकाशी नसून कागदाच्या डायरीशी आहे, आणि गिऱ्हाइकाला स्वतंत्र संगणक नको असून आपल्या टेबलावरील संगणकाची खिशातली शाखा हवी आहे.

यानंतर हॉकिन्स यांनी जे केले ते मला सगळ्या कथेतील सर्वांत शिकण्यासारखे वाटते. त्यांनी शर्टाच्या खिशात बसेल अशा मापाचा लाकडाचा ठोकळा कापला आणि कित्येक दिवस तो खिशात बाळगला. कोणी भेटीची वेळ मागितली की ठोकळा काढावयाचा, जणू पडदाच आहे अशा रीतीने त्यावर लेखणीने टिचकी मारावयाची, आणि मनाशी तपासावयाचे : हे काम किती टिचक्यांत झाले? ही वस्तू सतत जवळ बाळगावीशी वाटते का? यंत्र बनविण्यापूर्वीच यंत्राशी असलेली सवय घडवून पाहण्याची ही रीत म्हणजे घर बांधण्यापूर्वी जमिनीवर फक्कीने खोल्या आखून त्यांत वावरून पाहण्यासारखी आहे. मोठ्या आकाराचा, जादा बटणांचा, अधिक कलमांचा प्रत्येक मोह त्या ठोकळ्यापुढे हरला.

मार्च १९९६ मध्ये ‘पायलट १०००’ आणि ‘पायलट ५०००’ विक्रीस आले. पाम कंपनी तोवर यू. एस. रोबोटिक्सच्या मालकीची झाली होती. पहिल्याची किंमत २९९ डॉलर, स्मृती १२८ किलोबाइट. दुसऱ्याची ३६९ डॉलर, स्मृती ५१२ किलोबाइट. वजन सुमारे १६० ग्रॅम, १६ मेगाहर्ट्‌झचा मोटोरोला प्रोसेसर, १६० बाय १६० ठिपक्यांचा एकरंगी पडदा, आणि आठवडेच्या आठवडे पुरणारे दोन बारीक पेन्सिल सेल. पडद्याखाली चार बटणे : भेटींची रोजनिशी, पत्ते, करावयाच्या कामांची याद, आणि टिपणे. पेन बनविणाऱ्या एका कंपनीने नावावर हरकत घेतल्यामुळे पुढे ‘पायलट’ हा शब्दच वगळावा लागला, आणि १९९८ साली ‘पाम थ्री’, १९९९ साली धातूच्या तलम आवरणाचे ‘पाम फाइव्ह’ अशी वंशावळ वाढत गेली.

गुणांचे मूळ आणि दोषांचे मूळ

आता तोलण्यास बसू. पहिली कसोटी तत्परतेची. पायलटचे बटण दाबताच, क्षणाचाही विलंब न लागता, आजच्या भेटींचे पान समोर येई. त्या काळचा टेबलावरचा संगणक चालू होईतो चहा पिऊन होत असे. हे साधले कसे? संगणकात मजकूर एका जागी साठविलेला असतो आणि काम करताना तो दुसऱ्या जागी आणावा लागतो. पायलटमध्ये साठा आणि कामाची जागा एकच होती. कार्यक्रम आणि नोंदी विजेवर जागत्या राहणाऱ्या स्मृतीत कायम तयार उभ्या असत, त्यांना हाक मारून आणावे लागत नसे. परंतु याच कारणाने, ती वीज ज्या दिवशी तुटली त्या दिवशी सारा साठा नाहीसा झाला. सेल बदलताना जुने काढल्यापासून नवे बसेपर्यंत सुमारे एक मिनिटाची सवड मिळे. सेल पूर्ण उतरले आणि यंत्र तसेच खणात पडून राहिले, तर काही दिवसांनी ते उघडणाऱ्याला कोरी पाटी दिसे. सायॉनची डबी शाई होती, पायलट पाटी होता. पाटीवर झरझर लिहिता येते आणि पदराने पुसलेही जाते; पाटीचा वेग हवा आणि शाईचा टिकाऊपणाही हवा, असे म्हणण्याची सोय त्या किमतीत त्या काळी नव्हती.

मात्र पायलटच्या कर्त्यांनी या उणिवेवर जो उपाय योजला तो त्या यंत्राचा मुकुटमणी होय, आणि तो म्हणजे रुजवात. यंत्रासोबत एक लहानशी घडवंची येई. तीवर यंत्र ठेवावयाचे, घडवंचीचे एकुलते एक बटण दाबावयाचे, आणि दूर व्हावयाचे. खिशातील नोंदी आणि टेबलावरील संगणकातील नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या जात. मागील खेपेनंतर ज्या बदलल्या तेवढ्याच इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जात. एकच नोंद दोन्ही ठिकाणी वेगवेगळी बदलली असेल तर दोन्ही ठेवून मालकाच्या नजरेस आणली जाई. कीर्द आणि खतावणी यांचा ताळा एका बटणावर! यंत्र हरवले, फुटले, पाटी पुसली गेली, तरी नवे आणून घडवंचीवर ठेवताच सारे दफ्तर जसेच्या तसे उभे राहत असे. कागदाच्या डायरीला हे कधीच साधले नव्हते. लोकलच्या गर्दीत डायरी हरवलेल्या माणसाचे वर्ष हरवत असे. परंतु येथेही दुसरे फळ आहेच : ज्याच्या टेबलावर संगणक नाही, अथवा ज्याला नेमाने घडवंचीपाशी जाण्याची शिस्त नाही, त्याच्या बाबतीत हा गुण मुळी उगवतच नसे. रुजवात न करणाऱ्याची कीर्द जशी बेभरवशाची, तसेच त्याचे हे यंत्र.

तिसरे जोडफळ काटकसरीचे. पडदा लहान, एकरंगी आणि आरंभी तर मागील प्रकाशावाचून. म्हणूनच सेल इतके दिवस पुरत आणि प्रवासात कोणत्याही पानपट्टीच्या ठेल्यावर नवे मिळत. परंतु संध्याकाळच्या मंद उजेडात, एस. टी. च्या मागच्या बाकावर, तो करडा पडदा वाचणे चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना जड जाई. १९९७ च्या नमुन्यांत मागील प्रकाश आला तेव्हा हे दुःख काहीसे हलके झाले. एका टिपणात सुमारे चार हजार अक्षरांची मर्यादा होती. यादीसाठी ती विपुल, विचारासाठी तोकडी. बातमीदार, वैद्यकीय प्रतिनिधी, इस्पितळातून इस्पितळात धावणारा शल्यवैद्य, अशांच्या कामास ते उत्तम. लेखकाने त्यावर निबंध लिहू म्हणावे तर तो वस्तूवर अन्यायच.

चौथे, मोकळीक. पामने आपल्या यंत्रासाठी कार्यक्रम लिहिण्याची साधने बाहेरच्यांना खुली केली, आणि काही वर्षांतच औषधांच्या मात्रांच्या कोष्टकापासून ग्रहताऱ्यांच्या नकाशापर्यंत हजारो लहान कार्यक्रम त्यासाठी निघाले. विविध देशांतील एकट्यादुकट्या हौशी अभियंत्यांनी ते लिहिले हे विशेष. त्याच मोकळेपणाची दुसरी बाजू म्हणजे गुप्ततेची उणीव. एखादी नोंद ‘खासगी’ म्हणून राखता येई. परंतु राखणे म्हणजे पडद्याआड करणे एवढेच, कुलूपबंद करणे नव्हे, आणि जाणत्या माणसाला ती नोंद बाहेरून वाचणे कठीण नव्हते. ज्या दफ्तरात बँकेचे क्रमांक आणि घरगुती गोष्टी ठेवावयाच्या, त्याला नुसता आडपडदा पुरत नाही. हा दोष मी गंभीर मानतो.

लेखणी आणि लिपी

या यंत्राच्या गुणदोषांचा सर्वांत सुरस भाग त्याच्या लेखनपद्धतीत आहे, म्हणून तेथे जरा थांबतो. न्यूटनने माणसाचे अक्षर शिकण्याचा प्रयत्न केला. हॉकिन्स यांनी उलट माणसालाच एक सोपे अक्षर शिकविले. त्या लिपीचे नाव ‘ग्राफिटी’. तिचा नियम एकच : लेखणी टेकल्यापासून उचलेपर्यंत एका ओढीत एक अक्षर. माझ्या हाती आलेल्या १९९७ सालच्या ‘प्रोफेशनल’ नमुन्यात सेल घालताच त्याने आधी पडद्याच्या कोपऱ्यांतील खुणांवर लेखणी टेकविण्यास सांगितले, जणू हात ओळखून घेतला. आणि मग मी तळच्या पट्टीत ‘सदाशिव’ हे नाव रोमन अक्षरांत लिहू लागलो. ‘एस’ ओळखीचाच. ‘ए’ म्हणजे मधली आडवी रेघ गाळून काढलेले घराचे छप्पर. ‘टी’ हवा असता तर डावीकडून उजवीकडे आडवी ओढ आणि तेथूनच खाली. ‘एफ’ त्याचे आरशातले रूप. मोकळी जागा सोडण्यास उजवीकडे एक रेघ, चुकलेले पुसण्यास डावीकडे एक रेघ. पट्टीच्या डाव्या भागात अक्षरे, उजव्या भागात आकडे, म्हणून सरळ उभी रेघ डावीकडे ‘आय’ होते आणि उजवीकडे एक. अर्ध्या तासात हात बसला, आणि एकदा बसल्यावर यंत्राने क्वचितच दगा दिला.

हे करीत असता मला सारखी मोडीची आठवण येत होती. लेखणी उचलण्यात जाणारा वेळ वाचावा म्हणून आपल्या लेखकांनी शिरोरेघ आधीच ओढून घेतली आणि तिच्याखाली अक्षरांना वळसे देत हात अखंड चालविला. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही बहुधा सोडून दिला, कारण वाचणारा जाणता आहे असा भरवसा होता. दोन्ही लिपींचा हेतू गतीचा, दोन्हींनी गतीपायी अक्षराच्या सुबक रूपाचा त्याग केला. परंतु भेदही तितकाच मोठा आहे. मोडीने शुद्धता सोडली ती माणसाच्या समजुतीवर विसंबून. ग्राफिटीने रूप सोडले ते यंत्राच्या निःसंदिग्धतेसाठी. आणि मोडी कोणा एकाची मिळकत नव्हती, ती दफ्तरादफ्तरांत सर्वांची होती. ग्राफिटीवर १९९७ साली झेरॉक्स कंपनीने पेटंटाचा दावा लावला. तो खटला वर्षानुवर्षे चालला, २००३ साली पामने ‘ग्राफिटी टू’ ही काही अक्षरांस दोन ओढी मागणारी निराळी लिपी आणली, आणि अखेर २००६ साली दोन कोटी पंचवीस लाख डॉलर देऊन प्रकरण मिटले. पेटंटाच्या न्यायान्यायात मी शिरत नाही. परंतु ज्यांच्या बोटांत जुनी लिपी सात वर्षे मुरली होती त्यांना ती बदलावी लागली, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासातील खरी खंत वाटते. हाताला लागलेले वळण ही माणसाची स्वतःची मालमत्ता असावयास हवी. ते एखाद्या कंपनीच्या भाडेपट्ट्यावर असू नये.

आपल्या भाषेचा प्रश्न

आणि त्याहून मूलभूत प्रश्न असा की, ‘सदाशिव’ हे नाव मी रोमन अक्षरांत का लिहावे? पामची मूळ रचना एका अक्षरास एक बाइट देणाऱ्या पाश्चात्त्य वर्णतक्त्यावर उभी होती. तीत देवनागरीस जागा नव्हती. उच्चारात व्यंजनामागून येणारी आणि लेखनात त्याच्या आधी बसणारी ऱ्हस्व वेलांटी, एकमेकांत मिसळणारी जोडाक्षरे, ही सारी त्या लहान यंत्रास अवघड होती यात शंका नाही. परंतु अशक्य होती असे म्हणवत नाही. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने ‘जिस्ट कार्ड’ सामान्य संगणकात बसवून भारतीय लिपी पडद्यावर आणून दाखविल्या होत्या. १९९१ साली भारतीय लिपींचे ‘इस्की’ हे प्रमाण निघाले होते, आणि त्याच साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले होते. ज्ञान होते, ज्यांच्या खिशासाठी यंत्र बनत होते ते खिसे आमचे नव्हते, एवढेच. १९९६ च्या विनिमय दराने २९९ डॉलर म्हणजे जकात न धरताही दहा हजार रुपयांहून अधिक होत. ज्याच्याजवळ तेवढे पैसे होते त्याचे इंग्रजीवाचून अडत नव्हते, आणि ज्याचे अडत होते त्याच्याजवळ पैसे नव्हते.

हा तिढा सोडविण्याचा एक प्रामाणिक भारतीय प्रयत्न बंगलोरला झाला, त्याचा उल्लेख केल्यावाचून हा आढावा पुरा होणार नाही. तेथील भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय या अध्यापकांनी, एन्कोअर या कंपनीच्या अभियंत्यांसह, १९९८ च्या सुमारास ‘सिम्प्युटर’ची कल्पना मांडली. लिनक्सवर चालणारे, भारतीय भाषांतील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारे हे हातातील यंत्र एकट्याच्या मालकीचे असावे अशी अपेक्षाच नव्हती : प्रत्येकाजवळ आपले एक कार्ड असावे, ते यंत्रात घालताच आपले दफ्तर उघडावे, आणि एका यंत्रावर सारे गाव चालावे. पामने दफ्तर खिशात आणले; सिम्प्युटरने एक दफ्तर अनेक खिशांना जोडू पाहिले. वाचता न येणाऱ्याचीही स्मरणसाधनावर तेवढीच मालकी आहे, हा विचार मला पामच्या साऱ्या सफाईपेक्षा थोर वाटतो. परंतु विचारास वस्तू होण्यास वेळ लागला. ‘अमिडा’ या नावाने, पिकोपेटा आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स यांच्या वतीने, ते २००४ साली सुमारे दहा हजार रुपयांपासून पुढच्या किमतींत बाजारात आले, तोवर स्वस्त मोबाइल खेड्यापाड्यांत पोचू लागला होता, आणि ज्याला बोलता येते त्याला टिपण्याची निकड तितकीशी भासेनाशी झाली.

अखेर आणि निवाडा

हीच लाट पामवरही आली. १९९८ साली हॉकिन्स, डोना डुबिन्स्की आणि एड कोलिगन यांनी बाहेर पडून ‘हँडस्प्रिंग’ स्थापिली, तिच्या ‘ट्रिओ’ने २००२ पासून डायरी आणि दूरध्वनी एकत्र आणले, २००३ साली दोन्ही घराणी पुन्हा एक झाली, परंतु २००७ साली आयफोन आला, आणि २०१० साली पाम ह्युलेट-पॅकार्डच्या स्वाधीन झाली. स्वतंत्र डिजिटल डायरी हा प्रकार तेथे संपला. तिचे जे अवयव होते, ते सारे आज प्रत्येकाच्या हातातील फोनमध्ये आहेत. मात्र तिचा एक स्वभाव त्यात उतरला नाही. ती ठरविलेल्या भेटीच्या वेळी एकदा वाजे, आणि एरवी मालकाने हाक मारीपर्यंत गप्प राही.

आता तीन कसोट्यांवरचा निवाडा. टिपण्याच्या तत्परतेत पायलट आपल्या सर्व पूर्वसूरींहून श्रेष्ठ होता, आणि वहीच्या अगदी जवळ पोचला होता. शोधण्याच्या सुलभतेत त्याने वहीला निर्विवाद मागे टाकले. जपण्याच्या विश्वासूपणात मात्र त्याचा निकाल सशर्त लागतो : घडवंचीपाशी नेमाने जाणाऱ्यास तो वहीहून अधिक विश्वासू होता, न जाणाऱ्यास वहीहून कितीतरी कमी. म्हणून ‘हे यंत्र चांगले की वाईट’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. ‘कोणाला चांगले’ हाच योग्य प्रश्न, आणि त्याचे उत्तर असे की, ज्याचे एक दफ्तर आधीच टेबलावर आहे, ज्याला इंग्रजीत आपली नोंद करण्यात अडचण नाही, आणि ज्याच्या अंगी कारकुनी नेमस्तपणा आहे, त्याला त्याहून उत्तम सोबती त्या काळी मिळाला नसता. बाकीच्यांनी वही बाळगली यात त्यांचे काही चुकले नाही.

पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तरातील कागद कापडी रुमालांत बांधलेले आहेत. ते आजवर टिकले याचे श्रेय केवळ चिवट कागदाला देणे बरोबर नाही; कोणीतरी ते मोजले, लावले, उन्हाला दाखविले, वाळवीपासून राखले, त्यांच्या याद्या केल्या, आणि मोडी वाचणारे लोक पिढीमागून पिढी तयार केले, म्हणून ते टिकले. माझ्यापुढील प्रोफेशनलमध्ये सेल उतरल्यामुळे मी लिहिलेला ‘सदाशिव’ आता नाही. सेल उतरण्यापूर्वी त्याला घडवंचीवर ठेवण्याचे काम माझे होते, आणि ते मी केले नाही. यंत्राने टिपण्याचे आणि शोधण्याचे ओझे आपल्या शिरावर घेतले. रुजवातीचे ओझे मात्र त्याने मालकाच्याच शिरावर ठेवले, आणि एका बटणाइतके हलके करून ठेवले. त्याहून अधिक कोणत्याही दफ्तराने, कागदाच्या वा विजेच्या, आजवर कोणासाठी केलेले नाही.